खेप लहान, रांग लांब

डिझेल गाडीची बॅटरी लवकर का बसते, असे कुठल्याही गॅरेजमध्ये विचारले तर उत्तर ठरलेले असते : गाडी लांब जात नाही, खेपा लहान आहेत, बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. शहरात आठवड्यातून दोनदा भाजीला निघणाऱ्या मोटारीपुरते हे खरेही आहे. पण गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्याला ते लावायचे झाले तर थोडे थांबून विचार करावा लागतो. इथला ट्रक पिढ्यान्‌पिढ्या लहान खेपाच मारत आला. शिरगाव, मये, मुळगाव, लामगाव, बोर्डे या गावांच्या डोंगरांतून लोहखनिज उचलायचे आणि मांडवीच्या काठावर सारमानस, आमोणे, नावेली अशा एखाद्या जेटीवर नेऊन ओतायचे, एवढाच त्याचा संसार. कारापूर-सर्वण पंचायतीचा भाग डिचोली आणि साखळी या दोन बाजारांच्या पट्ट्यात येतो. तिथून निघालेला ट्रकही याच खाणी आणि याच जेट्यांमध्ये फिरणार. आख्ख्या तालुक्याचा धंदा लहान खेपेवर उभा होता आणि तो जोरात चालू होता तेव्हा त्यातले ट्रक रोज सकाळी सुरूही होत होते. म्हणजे दोष अंतराला देऊन चालणार नाही. या धंद्याचा इतिहास पाहिला तर बॅटरी खाल्ली ती खेपेने नाही, खेपेच्या दोन्ही टोकांना असलेल्या थांबण्याने, असे माझे मत आहे. आणि हे थांबणे कोणाच्या हिशेबात धरायचे, हा प्रश्न त्या इतिहासात कधीच नीट सुटला नाही.

आधी खेप लहान का झाली ते पाहू. डिचोली १७८० च्या दशकात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. हा नव्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेला मुलूख. आगगाडी इकडे आलीच नाही. मुरगाव बंदरातून घाटापलीकडे जाणारा लोहमार्ग १८८० च्या दशकात झाला, तो दक्षिणेकडून, सावर्डे-कुळेच्या वाटेने. त्यामुळे दक्षिणेतल्या खनिजाला रेल्वेचा पर्याय राहिला, उत्तरेला मात्र नदीशिवाय गती नव्हती. पण नदी मोठी सोयीची. मांडवीत भरती-ओहोटीचे पाणी खूप आतपर्यंत चढते आणि बार्ज थेट डिचोलीच्या हद्दीपर्यंत येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी पोलाद उद्योग नव्याने उभा राहत होता आणि त्याला खनिज हवे होते. १९५१ च्या सुमारास शिरगावच्या खाणीसाठी चौगुले कंपनीला जपानकडून यंत्रसामग्रीसाठी कर्ज मिळाले, त्याची फेड खनिजानेच व्हायची होती. तोवर फावडे, पाटी आणि बाईमाणसाचे डोके यांवर चाललेली खाण यंत्रावर गेली. यंत्राने काढलेला माल पाट्यांनी नदीवर पोचणार नव्हता, तेव्हा मध्ये ट्रक आला. काम मात्र त्याला तेवढेच मिळाले : डोंगरापासून पाण्यापर्यंत, बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा किलोमीटरच्या आत. पुढचा सगळा पल्ला बार्जचा. दीड हजार टनांची एक बार्ज भरायला दहा टनी ट्रकच्या दीडशे खेपा लागतात. वर्षाला एक कोटी टन माल हलवायचा तर दहा लाख खेपा. २०१०-११ च्या भरभराटीत गोव्यातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली होती. त्यात कर्नाटकातून रेल्वेने आलेला मालही होता, तो वजा केला तरी खेपांचा आकडा डोळे फिरवणाराच राहतो.

आता ट्रककडे वळू. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटते. पण त्यासाठी सुरुवातीला इंजिन जोराने फिरवावे लागते, आणि पेट्रोल इंजिनापेक्षा डिझेलचा दाब कितीतरी जास्त असल्याने ते फिरवणे हे बॅटरीचे सगळ्यात जड काम. सेल्फ मारल्यावर काही सेकंद काहीशे अँपिअर प्रवाह ओढला जातो. आकडा भीतीदायक वाटला तरी खर्च तेवढा नसतो. चारशे अँपिअर पाच सेकंद ओढले तर बॅटरीतून अर्ध्या अँपिअर-तासाहून थोडे जास्त जाते. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे काहीच नाही. गाडी वेगात आली की अल्टरनेटर एवढी भरपाई दोन-तीन मिनिटांत करतो. मग लहान खेप वाईट का ठरते? कारण शिशाची बॅटरी शेवटचा हिस्सा सावकाश घेते. ऐंशी टक्क्यांपर्यंत ती भराभर भरते, पुढे प्रवाह उतरत जातो आणि उरलेल्या पाचव्या हिश्शाला तास लागतात. रोज अर्धवट भरून उभी राहणारी बॅटरी प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरते. ते ताजे असतात तोवर चार्जिंगने विरघळतात, जुने झाले की कडक होऊन बसतात आणि प्लेटची तेवढी जागा कायमची मरते. गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली, १८८१ मध्ये फोर या संशोधकाने लेप दिलेल्या प्लेटांची सुधारणा केली. तेव्हापासून आजपर्यंत तिचा हा स्वभाव बदललेला नाही.

या हिशेबात डिचोलीचा एक चांगला दिवस बसवून पाहा. समजा ट्रकने सहा खेपा मारल्या, प्रत्येक खेपेत खाणीवर एकदा आणि जेटीवर एकदा इंजिन बंद केले. बारा वेळा सेल्फ, म्हणजे सहा-सात अँपिअर-तास. त्यातही इंजिन तापलेले असल्याने दुसऱ्या सेल्फपासून ते लगेच पकडते, खर्च आणखी कमी होतो. जाता-येता मिळून गाडी पाच-सहा तास चालली तर अल्टरनेटरने याच्या कित्येक पट परत दिले. म्हणजे खेप कितीही लहान असली तरी खेपांची माळ लागली की बॅटरीच्या दृष्टीने तो लांब पल्लाच होतो. मुंबईला जाणारा ट्रक आणि शिरगावहून सारमानसला सहा वेळा जाऊन येणारा ट्रक यांत बॅटरीला फारसा फरक कळत नाही. लहान खेपेच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा.

पण दिवस असा जाईलच असे नव्हते. तेजीच्या वर्षांत ट्रक वाढले, रस्ते तेच राहिले, जेटीची ओतण्याची जागा तेवढीच राहिली. खाणीवर लोडर एक आणि पुढे ट्रक शंभर, जेटीवर बार्ज लागलेली नाही, वजनकाट्यावर ओळ. रांगेतल्या ट्रकचे काम जवळून पाहिले तर बॅटरीचा मारेकरी सापडतो. पुढचा ट्रक सुटला, सेल्फ मारा, एक ट्रकभर अंतर पुढे घ्या, बंद करा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. खाण ते जेटी हे लहान अंतर नव्हतेच, खरी लहान खेप ही होती : पंचवीस फुटांची. तीस वेळा असे झाले तर पंधरा अँपिअर-तास गेले आणि प्रत्येक वेळी इंजिन अर्धा मिनिट, तेही मंद गतीवर फिरले. तेवढ्यात आजचा अल्टरनेटरसुद्धा जेमतेम पाव हिस्सा परत देईल. त्यात रात्रीचे दिवे, टेप, केबिनमधला छोटा पंखा. अशा दिवशी सहाच्या दोन खेपा होतात, म्हणजे भरपाई करणारे चालणेही तेवढेच घटते. नुकसान दोन्हीकडून.

जुन्या ट्रकांच्या बाबतीत हे आणखी वाईट होते. १९६० पर्यंत आणि भारतात त्यानंतरही बराच काळ गाड्यांवर अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. डायनामोला ठरावीक फेऱ्यांच्या वर गेल्याशिवाय चार्जिंग करता येत नाही. खालच्या गतीवर कटआऊट त्याला बॅटरीपासून तोडून ठेवतो, नाहीतर बॅटरीच उलटी डायनामोत रिकामी होईल. डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा पेटलेला राहिला की चालक अॅक्सिलरेटर थोडा दाबून धरायचा, दिवा विझेपर्यंत. रांगेत असे करणे म्हणजे उभ्या जागी डिझेल जाळणे. म्हणून तो इंजिन बंदच करायचा आणि बॅटरी उघडी पडायची. १९६० च्या सुमारास सिलिकॉन डायोड स्वस्त झाले तसा अल्टरनेटर अमेरिकेतल्या मोटारींवर आला, पुढे आपल्याकडे ट्रकांवर. तो मंद गतीवरही थोडेफार देतो. जुन्या चालकांना हा बदल इंजिनाच्या ताकदीपेक्षा जास्त सुखाचा वाटला असेल, असा माझा अंदाज आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रांगेत इंजिन बंद करायला चालकाला सांगितले कोणी? चालू ठेवले असते तर बॅटरी वाचली असती. खरे आहे, पण ट्रकचे इंजिन उभ्या जागी तासाला लिटर-दीड लिटर डिझेल पिते. चार तासांच्या रांगेत चार ते सहा लिटर. आणि इथे ट्रक कंपनीचा नसायचा. सुरुवातीची वर्षे सोडली तर खाणकंपन्यांनी वाहतूक बाहेर देऊन टाकली. ज्या गावांची शेते खाणींच्या गाळाने भरली, विहिरी आटल्या, त्याच गावांतले लोक कर्ज काढून एक-दोन ट्रक घेऊ लागले. शेत गेले पण ट्रक आला, अशी ती तडजोड होती. भाडे मिळायचे टनावर आणि किलोमीटरवर. उभे राहण्याचे भाडे नव्हते. तेव्हा रांगेतल्या प्रत्येक तासाचा खर्च ट्रकमालकाच्या माथी, आणि त्याच्यापुढे निवड दोनच : डिझेल जाळा किंवा बॅटरी झिजवा. डिझेलचे पैसे आज संध्याकाळी जातात, बॅटरीचे वर्षाने. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस काय निवडणार हे सांगायला नको. त्याला निष्काळजी म्हणणारे लोक भाड्याचा दर कसा बांधला होता ते बघत नाहीत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ज्या बॅटऱ्यांची नोंद आणि निगा झाली असती, त्या हजारो स्वतंत्र मालकांच्या अंगणात विखुरल्या गेल्या, आणि त्यांच्यासोबत त्यांचे मरणही विखुरले गेले. म्हणून या नुकसानीचा आकडा कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्या मेकॅनिकचा. तो म्हणेल, जुन्या डिझेल गाडीला बॅटरी लागते ती एकदाच. इंजिन एकदा पकडले की पंप यांत्रिक, बॅटरी काढून घेतली तरी गाडी चालते. सेल्फ मारायला जमले नाही तर धक्का द्यावा नाहीतर गाडी उतारावर लावावी. डिचोलीत उतारांना कमी नाही. हेही खरे आहे, आणि म्हणूनच मेलेली बॅटरी घेऊन ट्रक महिनोन्‌महिने चालायचे. पण त्याची किंमत वेगळ्या खात्यात पडायची. बंद इंजिनाने उतारावर सरकणाऱ्या ट्रकचा हवेचा दाब भरला जात नाही आणि ब्रेक त्याच हवेवर असतात. दहा टन खनिज पाठीवर घेऊन रांगेत असे सरकणे म्हणजे पुढच्याच्या जिवाशी खेळ. शिवाय पहाटे धक्का द्यायला चार माणसे लागतात आणि ती ट्रकमालकाच्या घरचीच असतात.

रांगेपेक्षा मोठा थांबा मात्र दरवर्षी ठरलेला होता. जूनमध्ये पाऊस लागला, समुद्र खवळला की मुरगावच्या बाहेर मोठ्या जहाजांवर माल चढवणे थांबायचे, खाणीत पाणी भरायचे आणि ट्रक साधारण सप्टेंबरपर्यंत घरी उभे राहायचे. चार महिने उभ्या राहिलेल्या ट्रकची बॅटरी वापर नसतानाही उतरते. जुन्या पद्धतीच्या अँटिमनीयुक्त प्लेटांची बॅटरी उष्ण हवेत महिन्याला पाच-दहा टक्के आपणहून गमावते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. गोव्याचा पावसाळा थंड नव्हे, दमट आहे. दमट हवेत टर्मिनलवर हिरवी-पांढरी पावडर चढते आणि झाकणावरच्या ओल्या मळातून बारीक प्रवाह सतत गळत राहतो. यावरची रीत खाणपट्ट्यातल्या ट्रकवाल्यांना पाठ होती. आधी निगेटिव्हची वायर सोडवायची, मग पॉझिटिव्हची, म्हणजे पाना चुकून चॅसिसला लागला तरी ठिणगी नाही. बॅटरी काढून घरात फळीवर ठेवायची. फळीचा आग्रह कठीण रबराच्या जुन्या डब्यांच्या काळातला, प्लॅस्टिकच्या डब्याला जमिनीने काही होत नाही, पण सवय टिकली आणि तिने वाईट काही केले नाही. टर्मिनल गरम पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावायचे. महिन्यातून एकदा चार्जिंगच्या दुकानात न्यायची. तिथे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे शंभराच्या बॅटरीला दहा अँपिअरने, रात्रभर सावकाश भरायची, आणि डिस्टिल्ड वॉटर टाकायचे ते भरून झाल्यावर, आधी नाही. हायड्रोमीटरने घनता पाहायची. १.२६ ते १.२८ असली की भरली, १.२० च्या खाली गेली की अर्ध्यावर आली. बारा व्होल्टच्या बॅटरीचा व्होल्टमीटर १२.६ च्या वर दाखवतो तेव्हा ती निरोगी, १२.२ म्हणजे निम्मी. गणेशचतुर्थी झाली, पाऊस ओसरला की तीच बॅटरी परत ट्रकवर चढायची.

म्हणजे थांबणे या लोकांना नवे नव्हते, आणि माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप हाच आहे. ज्यांना चार महिन्यांच्या मुक्कामाचे शास्त्र येत होते त्यांचे थांबण्याने नुकसान झाले असे कसे म्हणता? याचे उत्तर २०१२ देते. ७ सप्टेंबर २०१२ रोजी बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, पाठोपाठ राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. तारखा पाहा. नेमका पावसाळा संपून बॅटऱ्या ट्रकवर चढण्याचा महिना. प्रत्येकाला वाटले की हा पावसाळा थोडा लांबला एवढेच, पुढच्या महिन्यात सुरू होईल. बॅटरी घरात ठेवायची ती ज्याला तारीख माहीत असते त्याने. ज्याला उद्याच निघायचे आहे असे वाटते तो ती ट्रकवरच ठेवतो, आठवड्यातून एकदा सेल्फ मारून दहा मिनिटे इंजिन चालवतो आणि गाडी तयार आहे अशी स्वतःची समजूत घालतो. ही दहा मिनिटे बॅटरीला घातक ठरतात. थंड इंजिनाचा सेल्फ जास्त खातो आणि उभ्या इंजिनाचा अल्टरनेटर कमी देतो, सेल्फचा खर्च निघतो, पण मध्ये गेलेल्या आठवड्याची आपोआप झालेली गळती पूर्ण भरून निघत नाही आणि बॅटरी अर्धवटच राहते. बंदी एप्रिल २०१४ मध्ये अटींसह उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. प्रत्यक्ष खाणकाम सुरू व्हायला २०१५ उजाडले. मग सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्याला पुन्हा सगळे थांबले. अधूनमधून लिलावातल्या किंवा आधी काढून ठेवलेल्या मालाची वाहतूक सुटायची, आठ-दहा दिवस ट्रक पळायचे, परत उभे. अंदाज न येणारा थांबा ठरलेल्या थांब्यापेक्षा महाग पडतो, मग तो रांगेतला दहा मिनिटांचा असो की न्यायालयातला सहा वर्षांचा. सरकारने ट्रकमालकांसाठी अर्थसाहाय्याच्या आणि कर्जसवलतीच्या योजना काढल्या. त्या हप्त्यांसाठी होत्या. उभ्या ट्रकचे टायर तडकतात, डिझेलच्या टाकीत पाणी साठते, बॅटरी तर पहिल्या वर्षातच भंगारात जाते, आणि शिशाला भाव असल्याने ट्रकची पहिली विकली जाणारी वस्तू तीच.

राहता राहिला तंत्रज्ञानाचा मुद्दा. आता कॅल्शियमयुक्त प्लेटांच्या, पाणी न लागणाऱ्या बॅटऱ्या आल्या, त्या आपोआप फारच कमी उतरतात, मग हा जुना इतिहास उगाळायचा कशाला? बॅटरी सुधारली हे मान्य. पण ट्रकही बदलला. एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि एप्रिल २०२० पासून स्टेज सहा ही मानके लागू झाली. या इंजिनांचा इंधनपुरवठा इलेक्ट्रॉनिक आहे, बॅटरी नसेल तर धक्का मारूनही ते चालत नाहीत. खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर जीपीएस बसले, बेकायदा वाहतुकीला आळा घालायला, आणि ते योग्यच झाले. पण ते यंत्र गाडी बंद असतानाही जागे असते. त्याने आणि बाकीच्या इलेक्ट्रॉनिक डब्यांनी मिळून नुसते पन्नास मिलिअँपिअर घेतले असे धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, महिन्याला छत्तीस. रसायनाने वाचवले ते वायरिंगने खाल्ले. डिसेंबर २०२२ च्या लिलावात गेलेल्या ब्लॉकांपैकी डिचोलीच्या ब्लॉकमध्ये २०२४ साली खाणकाम परत सुरू झाले. जेटीवरची ओळही परत आली. बॅटरी वाचवायची तर उपाय कठीण नाहीत : उभ्या ट्रकला मेन स्विच बसवावा, आठवड्याच्या दहा मिनिटांच्या इंजिनाऐवजी महिन्यातून एक रात्र चार्जर लावावा, आणि रांगेत एकेक ट्रक सरकवण्याऐवजी वजनकाट्यावरून वेळ ठरवून दहा-दहाची तुकडी सोडावी. पहिले दोन ट्रकमालकाच्या हातात आहेत. तिसऱ्यासाठी खाणीच्या आणि जेटीच्या मालकाला थांबलेल्या तासाचे भाडे द्यावे लागले तर तो ते दुसऱ्याच दिवशी करील.